हलत्या घोडीचं तेलपाणी

लालबाग,
८ मार्च १९६०

जयभीम.

उत्तम यास,

तुझं पत्र पोचलं. कुलाब्याहून लालबागला यायला पत्राला एक दिवस लागला, तुला मात्र दिवाळीपासून वाट सापडली नाही. आणि लिहिलंस काय? तर गिटारच्या घोडीची दांडी दाबून सोडली की तारा मूळ जागी येत नाहीत, सूर उतरलेलाच राहतो, तेव्हा चंपे, तू त्या खोबरेलाच्या बाटलीतून घोडीला तेल द्यायचीस ते कुठे, कसं, किती, सविस्तर कळव. खाली 'तुझा मित्र'. वाचून मी इतकी हसले की बाबांनी आतून विचारलं, काय झालं गं.

चोराने घरमालकालाच विचारावं, कुलूप नीट लागत नाही, काय करू? तसं झालं हे.

गिटार माझी आहे. एकदा कागदावर लिहून ठेवते, कारण हल्ली तू लोकांना वेगळं सांगतोस असं कानावर येतं. आमच्या खलाशी शामरावदादाने ती अमेरिकेहून बोटीवर स्वतःच्या अंथरुणात गुंडाळून आणली, ती माझ्यासाठी. तू तेव्हा आमच्या कलापथकात बेंजो वाजवत होतास. विजेची गिटार कशाशी खातात हे तुलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तानपुऱ्याची घोडी जागची हलली तर सूर बिघडतो, आणि हिची घोडी मुद्दाम हलवण्यासाठी दांडी दिलेली, हे पाहून आपण दोघं किती हसलो होतो. रामदासने तिची वायर आपल्या लाउडस्पीकरच्या पेटीला जोडून दिली, मी बोटं सोलवटून घेतली, आणि सत्तावन्नच्या निवडणुकीत नरे पार्कच्या सभेला मी दांडी दाबून पहिली लाट काढली तेव्हा भाषणाला आलेले लोक भाषण विसरून माझ्याकडे बघायला लागले. तू शेजारीच होतास. तुझं तोंड उघडंच राहिलं होतं.

नंतर तुला वाजवायला शिकवलं तेही मीच. मूर्ख कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दिवाळीत 'एक दिवस दे गो, कुलाब्याला पार्टी आहे' म्हणून घेऊन गेलास. मग तुझ्या कोळीवाड्यात मी हेलपाटे घातले. तू कधी समुद्रावर, कधी तापाने आजारी, कधी नुसताच बाहेर. शेवटी कळलं, तू चर्चगेटच्या थंडगार मशीनवाल्या हॉलात मोठ्या बँडबरोबर तालीम करतोस. जानेवारीत मी तिथे आले. ते तू विसरला असशील, मी विसरणार नाही.

तू स्टेजवर, माझी गिटार मांडीवर. मला पाहिलंस. बँडमास्तरांनी विचारलं, "ये कौन?" आणि तू जागचा न हलता म्हणालास, "अरे कोई नहीं, हमारे पथक की तेलवाली है. गिटार को तेल डालती थी." सगळे हसले. तूही हसलास.

तेलवाली. माझे बाबा गिरणीत रिंगखात्यातले तेलवाले. विणाईखात्यात शिवाशिवीपायी आमच्या माणसांना घेतच नसत, म्हणून सूत कातायच्या स्पिंडलांना तेल देण्यात त्यांनी जन्म काढला. तू आमच्याकडे बाबांच्या ताटाला ताट लावून जेवलास, त्यांच्या तोंडून हे सगळं ऐकलंस, आणि तोच शब्द काढून मला मारलास. परक्याला हा शब्द सुचला नसता.

तिथे थंडीने माझे दात वाजत होते. सकाळीच तेल लावून घातलेली वेणी त्या गारठ्यात काठीसारखी ताठ झाली होती. तशीच बाहेर आले आणि फुटपाथवर उन्हात उभी राहिले.

आता ऐक. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. चाळीच्या पटांगणात आमचं पथक वाजवणार. बाबांची नजर जवळजवळ गेलीच आहे, हल्ली कानही दगा देतात. ऐकू येतंय तोवर त्यांना मी वाजवलेलं ऐकवायचं आहे. एवढंच मला हवंय. त्याआधी गिटार आणून दे, तिचं तेलपाणी मी करीन. नाही आणलीस तर त्या बाटलीबद्दल माझ्याकडून तुला एक अक्षर कळणार नाही, तारा राहोत की तुटोत.

चंपा


लालबाग,
२४ मार्च १९६०

जयभीम.

उत्तम,

दुसरं पत्र मिळालं. या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलंयस, म्हणजे गरज मोठी दिसते. नऊ एप्रिलला त्याच हॉलात मोठा जलसा, बडी बडी माणसं येणार, तुला एकट्याने वाजवायला मिळणार. रंगलं तर मास्तर तुला कायमचा बँडमध्ये घेणार आणि नवी गिटार मागवून देणार, मग 'तुझी तुला'. रंगलं नाही तर काय, ते लिहायचं राहिलं वाटतं.

आणि वाजवणार 'भरतीची धून'. माझी धून. तुमच्याच कोळीवाड्याच्या किनाऱ्याला बसून, भरतीचं पाणी होड्यांखाली शिरताना बघून मी बांधली होती. तुझ्या आईने तेव्हा मला सुकटीची चटणी आणि भाकरी दिली होती. कार्यक्रमपत्रिकेत धून कुणाची म्हणून छापलंय, ते विचारत नाही.

काल रखमाबाई आमच्या दारी टेकली होती. मासळीची पाटी रिकामी झाली होती, तरी उठेना. म्हणाली, "माजा पोर जेवत नाय गो नीट. ती दांडी धरून बसतंय नि आपल्याशीच बडबडतंय. तूच काय ते सांग त्याला, बाय. तुझंच ऐकंल." मी चहा दिला. ती गेल्यावर विचार केला आणि ठरवलं, की सांगून टाकावं.

तर नीट वाच.

गिटार पालथी घाल आणि मागची पट्टी काढ. आत स्प्रिंगा दिसतील. पुढून तारा घोडीला एकीकडे ओढतात, मागून या स्प्रिंगा दुसरीकडे ओढतात. दोन्ही ओढी सारख्या असल्या की घोडी मधे तोल धरून उभी राहते. दांडी दाबलीस की तोल सुटतो, सोडलीस की परत यायला हवा. तुझ्याकडे तो परत येत नाही, कारण वाटेत कुठेतरी अडतंय. स्प्रिंगांना हात लावू नकोस, त्यांचं काही बिघडलेलं नसणार.

आता सुलटी कर. घोडीच्या पुढच्या कडेला सहा स्क्रू आहेत. त्यांच्यावर ती डुलते. तुझं दुखणं तिथे आहे. कोळीवाड्याच्या खाऱ्या हवेने गंज धरला असेल. तारा थोड्या सैल कर, जुन्या ब्रशने तिथलं खरवडून काढ, कोरड्या फडक्याने पूस. स्क्रू आवळत बसू नकोस, आवळलेस तर डुलायला जागा राहायची नाही. दुसरी अडायची जागा म्हणजे मानेच्या टोकाची हाडाची पट्टी. तिच्या खाचांतून तारा सरकतात. तीही साफ कर.

मग तेल. बाटली तीच ना, निळ्या झाकणाची, असं विचारलंस. तीच. खोबरेलच ना, असंही विचारलंस. अरे, निळ्या झाकणाची बाटली आमच्या फळीवर आरशाशेजारी असायची. दोन वर्षं समोर बसून तू ती पाहिली आहेस, मी वेगळं काय सांगू?

स्क्रूंच्या बुडाशी सोड, घोडीच्या कडेला सोड, हाडाच्या खाचांतही सोड. हात आखडता घेऊ नकोस. आणि हो, आधी देऊन ठेवू नकोस. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, घरीच, तेल अगदी ताजं असताना. दांडी चालवून बघ. लोण्यासारखी चालेल.

सगळं शिकवलं कुणी असं मास्तरांनी विचारलं तर सांग, तेलवालीने.

चंपा


लालबाग,
११ एप्रिल १९६०

उत्तम,

परवा मी तिथे होते. बाल्कनीत, मागच्या रांगेत, रामदासबरोबर. त्याने ओळखीवर पास मिळवले. मी बाबांची लोकरीची शाल नेली होती. बाहेर घामाच्या धारा, आणि हिच्या हातात शाल, म्हणून रामदास वाटभर माझी थट्टा करत होता. आत बसल्यावर घटकाभरात तो स्वतःच म्हणाला, "चंपे, अर्धी शाल इकडे दे ना."

तुझा नंबर मध्यंतरानंतर होता. म्हणजे तोवर गिटार पडद्यामागे त्या गारठ्यात पडून होती. मला हे माहीत नव्हतं, पण मी मनात हेच मागत होते. तू आलास. पांढरा कोट, गळ्याला टाय, केस चापून बसवलेले. खोटं कशाला सांगू, रुबाबदार दिसत होतास. आमच्या पथकात बनियनवर वाजवायचास.

धून सुरू केलीस. पहिले सूर चांगले लागले, माझ्या हातासारखे. मग लाट आली आणि तू दांडी दाबलीस. ती दबली, पण जडपणे, हे मला बाल्कनीतून तुझ्या खांद्यावरून कळलं. सोडलीस, आणि तारा परत आल्या नाहीत. सगळेच सूर खाली लोंबकळत राहिले. तू पुन्हा दाबलीस, या वेळी जोर लावून, आणि आणखी खाली गेले. तुझा बँड मागून आपल्या सुरात वाजवतोय, तू भलत्याच सुरात. पुढच्या रांगेतली एक बाई हसली. मग तिच्या शेजारचा हसला. मास्तरांनी तुझ्याकडे न बघता हात केला, आणि ट्रम्पेटवाल्याने तुझी धून उचलून संपवली. तू कोटाच्या बाहीने घोडी पुसत होतास, सगळ्यांसमोर.

मला आनंद झाला. लपवत नाही. तुझ्या जानेवारीतल्या हसण्याचं व्याज आणि मुद्दल दोन्ही मला त्या हशात मिळालं. रामदासने विचारलं, "झालं समाधान?" मी म्हटलं, "झालं." गिटार माझीच रडत होती, धूनही माझीच फाटत होती, हे मला कळत होतं. तरी मी कानांवर हात ठेवले नाहीत.

आता उलगडा करते, नाहीतर तू जन्मभर गंजाला शिव्या देशील.

पौषात सकाळी तुझी आई खोबरेलाची बाटली कुठे ठेवते? ओट्यावर, उन्हात. का? रात्रभरात तेल थिजून पांढरं होतं, बोट घालून काढावं लागतं. हे कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तुलाही आहे. पण त्या हॉलात मशीनने बारा महिने पौष केलेला असतो, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नसतं. तू मला तेलवाली म्हणालास त्या दिवशी माझी वेणी तिथे थिजली, म्हणून आलं.

दुपारी तुझ्या उकडत्या खोलीत दांडी लोण्यासारखी चालली असेल. चालली ना? रात्री त्याच लोण्याने तिचे पाय धरले.

आणि निळ्या झाकणाच्या बाटलीत खोबरेल कधीच नव्हतं. बाटली आईची, ती गेल्यावर रिकामी राहिली. त्यात बाबांच्या झारीतलं स्पिंडलचं तेल मी भरून ठेवलं होतं. पाण्यासारखं पातळ, कितीही गारठा असो, तसंच. आणि तेही स्क्रूंच्या बुडाशी सुईच्या टोकाने टेकवायचं. हाडाच्या खाचांत तर तेल नव्हतंच, तिथे मी शिसपेन्सिलीची पूड चोळायचे. तू समोर बसून केस विंचरायचास, चाळीतल्या पोरींना आरशातून बघायचास. दोन वर्षांत तुला ना वास आला, ना रंग दिसला. तेल देणं हे बघण्यासारखं काम आहे असं तुला वाटलंच नाही.

माझं पत्र काढून बघ. मी खोबरेल असा शब्द स्वतःहून लिहिलेला नाही. पण मी तुला फसवलं, हे मीच सांगते, आणि त्याचं मला तिळभर वाईट वाटत नाही.

जयंती गुरुवारी आहे. गिटार पाठव. या वेळी विनंती नाही.

चंपा, तेलवाली


लालबाग,
१७ एप्रिल १९६०

जयभीम.

उत्तम,

गिटार मिळाली, म्हणून पोच देते.

तू स्वतः आला नाहीस. रखमाबाई आली, गिटार गोणपाटात गुंडाळून मासळीच्या पाटीतून. दारातच पाटी उतरवली. म्हणाली, "घे गो तुजी बया. हिनं माजा पोर खाल्लान." मग खाली बसली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "बँडवाल्यांनी काढला त्याला. घराभायेर पडत नाय. तुना ठाऊक होता काय गो, असा व्हनार म्हणून?"

तिला मी खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, "होतं, मावशी." मला वाटलं आता शिव्या घालील, आणि मी त्या खाणार होते. तिने पाटीतून कागदात बांधलेला जवळा काढून माझ्यापुढे ठेवला. "पोराने तुजी वस्तू नेली तवा मीच त्याला हाकलायला पायजे होता," म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. तुझ्यावरच्या रागाचं मला काही वाटत नाही, पण त्या जवळ्याची पुडी मला दोन दिवस सोडवेना.

गिटार उघडली. अरे, तू तेल दिलं नव्हतंस, आंघोळ घातली होतीस! मागच्या पोकळीत स्प्रिंगांपर्यंत ओघळ गेलेले, त्याला गोणपाटाचे तंतू चिकटलेले. मी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून एकेक स्क्रू साफ करत होते तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोट फिरवून पाहिलं आणि बोटाचा वास घेतला. "हे कुणी केलं गं?" मी म्हटलं, "उत्तमने." म्हणाले, "तेल द्यायचं असतं, ओतायचं नसतं, हे त्याला सांगितलं नाहीस?" मी ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला. त्यांनी झारी मागितली आणि सहाही स्क्रूंना स्वतः तेल टेकवलं, एका हाताने चाचपत, दुसऱ्याने झारी धरून. एकही थेंब बाहेर गेला नाही. मग पेन्सिल घासून मी खाचा भरल्या, तारा चढवल्या.

दांडी तू जोर करून वाकवलीयस. थोडी तिरकी राहिली आहे. मी ती सरळ करून घेतलेली नाही. हाताला रोज लागेल, बरं आहे.

जयंतीला पटांगण भरलं होतं. बाबांना रामदासने लाउडस्पीकरच्या अगदी कर्ण्याशी खुर्ची दिली. मी 'भरतीची धून' वाजवली. लाट गेली आणि आली, जिथून निघाली तिथेच येऊन टेकली. बाबांनी गुडघ्यावर हात मारला. नंतर म्हणाले, "सगळं ऐकू आलं." मला जे हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मिळालं.

तू नळाच्या मागे उभा होतास. रामदासने दाखवायच्या आधीच मी पाहिलं होतं. लाट आली तेव्हा तू मान खाली घातलीस, आणि शेवटच्या सुराला निघून गेलास. पुढे यायला तुला जागा होती, कुणी अडवलं नसतं.

मला वाटलं होतं, गिटार आली, तू पडलास, म्हणजे माझा राग निवेल. निवला नाही. रोज सकाळी वेणी घालताना तुझा तो शब्द आठवतो, आणि आठवला की हात थांबतो. मग काल पथकाची बैठक झाली. एक मेला आपलं राज्य होतंय, लालबाग-परळात जागोजाग कार्यक्रम आहेत, माणसं कमी पडतात. रघूने तुझं नाव काढलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, घ्या त्याला. बेंजो कांता वाजवते, तुझ्यापेक्षा बरा वाजवते, तेव्हा ती जागा नाही. गिटार माझ्याकडे आहे, ती जागा तर नाहीच. पण मला वाजवायचं असतं तेव्हा घोडीकडे बघायला वेळ मिळत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी मागची पट्टी काढायची, स्क्रू पुसायचे, सुईच्या टोकाने तेल टेकवायचं, खाचांत पेन्सिल घासायची, आणि मी वाजवत असताना खाली पायरीवर बसायचं. ती जागा रिकामी आहे.

आलास तर लोकांना मी ओळख करून देईन, स्टेजवरून, लाउडस्पीकरवर, तुझ्यासारखीच हसत: हा उत्तम, आमच्या पथकाचा तेलवाला. तुला तो शब्द शिवीसारखा लागला तर आल्या वाटेने परत जा. नाही लागला, तर बाबांच्या शेजारी बस, ते हात धरून शिकवतील. माझ्या बाबांना आजवर कुणी विचारलेलं नाही, की मला हे शिकवा म्हणून.

एक मे, संध्याकाळी, चाळीचं पटांगण. निळ्या झाकणाची बाटली भरून ठेवते. या वेळी आत काय आहे ते वास घेऊन बघ.

चंपा